घरातील विजेची फळी : तिचे दोष आणि शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्रसंमेलनात वाचावयाच्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाला वर्षातून अनेक वेळा गावातील घरांचे उंबरठे ओलांडावे लागतात. पटनोंदणी, शाळाबाह्य मुलांचा शोध, पालकभेट अशी कामे त्याला घरोघर घेऊन जातात. ओसरीवर बसले असता समोरच्या भिंतीवर बहुधा मीटर दिसतो. त्याखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फळी असते आणि फळीवर चिनी मातीचे कटआऊट, चार-सहा बटणे व त्यांतून लोंबणाऱ्या तारा असतात. घरात येणारी सर्व वीज या हातभर जागेतून जाते. चूल, माठ, गोठा यांची निगा घरात रोज राखली जाते. या फळीकडे मात्र दिवे गेले तरच कोणाची नजर वळते.

मुख्य अडचण येथेच आहे. नांगर मोडला की तो चालत नाही, छप्पर फुटले की पाणी गळते. विजेच्या फळीचे तसे नाही. तिच्यातील रक्षणाची सोय नाहीशी झाली तरी दिवे लागतात, पंखा फिरतो, मोटर पाणी ओढते. फळी चालू आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असा समज त्यामुळे दृढ होतो, आणि तो खोटा ठरतो तो एखाद्या अपघाताच्या वेळीच. भारतात विजेच्या धक्क्याने दगावलेल्यांची २०२१ सालची सरकारी नोंद बारा हजारांहून अधिक आहे. फळीचे दोष ओळखावे कसे आणि त्याबाबत शिक्षकाने काय करावे व काय करू नये, हा या भाषणाचा विषय आहे.

भार वाढला, फळी तीच राहिली

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रातून १९७० पासून वीजनिर्मिती सुरू झाली. त्या व पुढील दशकांत जिल्ह्यातील गावोगाव खांब उभे राहिले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनीकडे, म्हणजे महावितरणकडे आले. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने वाड्यावस्त्यांवरील घरांनाही जोडण्या दिल्या.

आरंभीच्या काळात जोडणी घेणाऱ्या घराची गरज फार थोडी होती. चाळीस वॅटचे चार दिवे एकाच वेळी लागले, तर एकूण १६० वॅट होतात. २३० व्होल्ट दाबाला हा प्रवाह सुमारे ०.७ अँपिअर भरतो. फळी व तारा त्या मानाने बसविल्या गेल्या. आज त्याच घरात पाणी तापविण्याचा दीड हजार वॅटचा रॉड, पाचशे वॅटचा मिक्सर, साडेसातशे वॅटची इस्त्री आणि दीडशे वॅटचे शीतकपाट एकाच वेळी चालू शकते. ही बेरीज २,९०० वॅट म्हणजे सुमारे १२.६ अँपिअर होते. प्रवाह अठरा पट झाला. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तार तीच राहिली असेल, तर तिच्यात आता ३२४ पट उष्णता निर्माण होते. हे गणित सातवीच्या मुलालाही करता येईल. घरमालकाने मात्र ते केलेले नसते, कारण एकेक वस्तू निरनिराळ्या वर्षी घरात आलेली असते.

जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांत या वाढीचे रूप निराळे दिसते. निफाडकडे थंडीच्या दिवसांत पारा फार खाली उतरतो, आणि पहाटे घरोघर पाणी तापविण्याचे रॉड एकदम लागतात. द्राक्ष व कांद्याच्या पट्ट्यात घरच्याच फळीवरून कांदाचाळीला, गोठ्याला आणि विहिरीवरील मोटरीला तार ओढलेली आढळते. मालेगावात कित्येकांच्या घरातच यंत्रमाग चालतात. पेठ, सुरगाणा व इगतपुरी या अतिवृष्टीच्या तालुक्यांत कारवीच्या कुडाच्या भिंती पावसाळाभर ओलसर असतात. उन्हाळ्यात त्याच भिंती वाळून ठिणगीची वाट पाहात असतात. नाशिक शहरात गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत लाकडी तुळयांना लागूनच जुन्या तारा गेलेल्या आहेत, आणि २००८, २०१६ व २०१९ या वर्षांच्या पुरांत काठावरील घरादुकानांत पाणी शिरले होते.

फळीची तीन कामे

बटणे दाबून दिवे लावणे एवढेच फळीचे काम, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तिची रक्षणाची कामे तीन आहेत. पहिले, संकटाच्या क्षणी घरातील सर्व वीज एका हालचालीने तोडता यावी. यासाठी मेन स्विच असतो. दुसरे, तारेच्या शक्तीबाहेर प्रवाह वाहू लागल्यास तो आपोआप तुटावा. यासाठी फ्यूज अथवा एमसीबी असते. तिसरे, वीज तारेतून बाहेर गळून माणसाच्या शरीरातून जमिनीत जाऊ लागल्यास ती तत्काळ तुटावी. यासाठी गळतीरक्षक स्विच असतो, त्यास आरसीसीबी म्हणतात. तारतंत्री त्यालाच ईएलसीबी असेही म्हणतात.

फ्यूज सर्वांत जुना. तारेपेक्षा दुबळी तार मुद्दाम मध्ये घालावी, म्हणजे तापताच ती प्रथम वितळेल आणि घर वाचेल, ही त्यातील युक्ती. १९२४ साली जर्मनीत ह्यूगो स्टोट्झ यांनी हेच काम करणारा पण पुन्हा वर करता येणारा छोटा स्विच तयार केला. आजची एमसीबी त्याच वंशातील आहे. गळतीरक्षक स्विच विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रचारात आला. नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत विद्युत-रक्षणाची साधने बनविणारे कारखाने आहेत. अशा जिल्ह्यातील घरांत कटआऊटमध्ये तांब्याची जाड तार कोंबलेली आढळावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

पाहणीत आढळणारे दोष

१. जाड तारेचा फ्यूज. ‘फ्यूज सारखा जातो’ ही घराघरांतील तक्रार असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून वायरच्या तुकड्यातील पाच-दहा तांब्याचे तंतू पिळून कटआऊटमध्ये बसविले जातात. त्यानंतर फ्यूज जात नाही आणि घरमालक निश्चिंत होतो. वस्तुतः फ्यूज वारंवार जाणे हा आजाराचा इशारा असतो. जाड तार घालणे म्हणजे राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबणे होय. आता अतिभार झाला तर फ्यूजऐवजी भिंतीतील अथवा आढ्यावरील तार जळेल. दिव्यांच्या मंडलावरील सहा अँपिअरची एमसीबी काढून तेथे बत्तीस अँपिअरची बसविणे हा याच दोषाचा नवा अवतार आहे. तारेची जाडी न वाढविता रक्षकाचा आकडा कधीही वाढवू नये.

२. सैल जोड. स्क्रू सैल झाला, तार गंजली किंवा दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे त्या बिंदूपाशी विरोध वाढतो. समजा, हा विरोध अवघा अर्धा ओहम आहे आणि तेथून दहा अँपिअर प्रवाह जातो. त्या एका बिंदूवर पन्नास वॅट उष्णता साठत राहते. हरभऱ्याएवढ्या जागेत एवढी उष्णता म्हणजे भिंतीत डाग देण्याची तापलेली कानसुळीच ठेवल्यासारखे आहे. यात प्रवाह मर्यादेबाहेर गेलेला नसल्यामुळे चांगला फ्यूज वा चांगली एमसीबीही तो तोडीत नाही. बटणाच्या कडेला पिवळट-काळा डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, चरचर असा आवाज आणि दिव्याचे मिणमिणणे या चार खुणांवरून हा दोष ओळखता येतो.

३. मृत अर्थिंग. तीन पिनांच्या खोबणीतील वरचे मोठे छिद्र जमिनीशी जोडलेले असावे लागते. अनेक घरांत ते छिद्र असते, पण त्यामागे तारच नसते. किंवा तार असते आणि ती अंगणात कोठे तरी तुटलेली असते. नाशिकची भूमी बेसाल्ट खडकाची आहे. जेथे माती वीतभर आणि खाली मुरूम व कातळ, तेथे उन्हाळ्यात जमीन कोरडी होऊन अर्थिंगचा विरोध फार वाढतो. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून त्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. समजा, अर्थिंगचा विरोध वीस ओहम झाला आणि शीतकपाटाच्या पत्र्याला आतील तार टेकली. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरची एमसीबी तो तोडणार नाही, आणि पत्रा भारित राहील. अर्थिंग असूनही ते निकामी असू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

४. गळतीरक्षक नसणे. हा दोष सर्वांत घातक आहे, आणि तो डोळ्यांना सहसा खटकत नाही. पत्र्याच्या घरावरून वीज आत आणणारी तार वाऱ्याने घासते, तिचे वेष्टण फाटते आणि छप्पर भारित होते. त्याच छपराच्या खांबाला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार बांधलेली असते. अनवाणी मुलगी ओला कपडा त्या तारेवर टाकते. ओल्या अंगाचा विरोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर तिच्या शरीरातून ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. दहा ते सोळा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते, आणि शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडू शकते. घरातील पाच अँपिअरचा फ्यूज यापेक्षा वीस पटींहून अधिक प्रवाहासाठी असतो. म्हणजे मूल प्राणास मुकत असता फ्यूजला त्याची वार्ताही नसते. फ्यूज आणि एमसीबी तारेचे रक्षण करतात. माणसाच्या रक्षणासाठी तीस मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच लागतो, आणि तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच स्विच पडला पाहिजे. न पडल्यास तो निकामी समजून बदलून घ्यावा. या बटणाने फक्त स्विचची परीक्षा होते. अर्थिंगची परीक्षा तारतंत्र्याने उपकरण लावूनच केली पाहिजे. तसेच हा स्विच आपल्यापुढील तारांवरच लक्ष ठेवतो. वर सांगितलेली, मीटरपूर्वीची तार छपराला घासत असेल, तर तिच्यापुढे त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून कपड्यांची लोखंडी तार काढून तेथे नायलॉनची दोरी बांधणे आणि घासणाऱ्या तारेची महावितरणला खबर देणे, हे दोन्ही उपाय अगत्याचे आहेत.

५. तारांची उलटापालट. बटण भारित तारेवर, म्हणजे फेजवर असले पाहिजे. अर्धवट शिकलेल्या हाताने ते परतीच्या तारेवर, म्हणजे न्यूट्रलवर बसविले, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो पण होल्डरमध्ये वीज राहतेच. बटण बंद करून दिवा बदलणाऱ्यास बसलेला धक्का अनेकदा याच कारणाने बसतो. न्यूट्रलवर फ्यूज घालणेही त्याच कारणाने वर्ज्य आहे.

६. ओल, उंची आणि अडगळ. न्हाणीघराच्या भिंतीमागे, मोरीच्या वर, गळत्या कौलाखाली किंवा कडब्याच्या गंजीला टेकून लावलेली फळी, झाकण हरवलेली पेटी, पाली व मुंग्यांनी घर केलेले कटआऊट, लहान मुलाच्या हाताच्या टप्प्यातील खोबणी, हे सर्व एकाच निष्काळजीपणाचे प्रकार होत. पुराचे पाणी शिरलेली फळी वरून वाळली तरी आत गाळ व ओल धरून असते. ती उघडून, तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच वर करू नये.

खांबावरील तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेविषयी निराळे सांगावयास नको. तिला फ्यूज नसतो, स्विच नसतो, अर्थिंगही नसते. कायद्याने ती चोरी आहे. परंतु शिक्षा होण्यापूर्वीच ती घरातील मूल हिरावून नेऊ शकते, हे पालकास समजुतीने सांगावे.

शाळेची फळी

दुसऱ्याच्या घरातील फळीकडे बोट दाखविण्यापूर्वी शाळेची फळी पाहणे उचित होय. आज अनेक जिल्हा परिषद शाळांत दूरचित्रवाणी संच, संगणक आणि पाण्याची मोटर आहे. या वस्तू लोकवर्गणीतून वा योजनेतून येतात. त्यांच्यासाठी नवे मंडल ओढले जातेच असे नाही. पंख्याच्या बटणाशेजारील खोबणीत पिन न लावता उघड्या तारा काडीपेटीच्या काडीने ठोकून बसविणे हा प्रकार शाळेत एक दिवसही चालू देऊ नये. मेन स्विच कोणत्या खोलीत आहे आणि कोणती बाजू बंदची, हे प्रत्येक शिक्षकास व स्वयंपाक करणाऱ्या ताईंस ठाऊक असावे. तो कुलूपबंद कपाटामागे असल्यास कपाट हलवावे. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीच्या सुटीनंतर अशी वर्षातून दोनदा परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी. तिची तारीख व आढळलेले दोष शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे. दोष लेखी नोंदला गेला की तो विसरला जाण्याची भीती कमी होते.

शिक्षकाची मर्यादा

गावात विज्ञान जाणणारा मनुष्य म्हणून लोक शिक्षकाकडे पाहतात, आणि या आदरातच एक धोका आहे. ‘गुरुजी, जरा फ्यूज टाकून द्या’ अशी विनंती झाली असता नाही म्हणणे अवघड जाते. तरीही शिक्षकाने फळी उघडू नये. हात मागे बांधून, डोळे, नाक व कान यांनीच पाहणी करावी. दिसलेला दोष पालकास साध्या शब्दांत सांगावा, आणि परवानाधारक तारतंत्र्यास बोलावण्याचा आग्रह धरावा. मीटरपर्यंतचा भाग महावितरणचा असतो. तेथील मोहोर तोडणे हा अपराध आहे. त्या भागातील दोषाची तक्रार १९१२ या क्रमांकावर करावी. मीटरच्या पुढील फळी व तारा यांची जबाबदारी घरमालकाची असते. नवी जोडणी घेताना एकदा चाचणी-अहवाल दिला जातो. त्यानंतर पंचवीस वर्षे झाली तरी कोणी आपणहून फळी उघडून पाहावयास येत नाही. पालकास ही गोष्ट बहुधा माहीत नसते, आणि ती सांगणे हेच शिक्षकाचे मोठे कार्य ठरेल.

खर्चाचा प्रश्न निघेल. गरीब घरास सर्व तारा बदलणे शक्य नसेल, तर क्रम सांगावा. प्रथम कटआऊटमधील जाड तार काढून योग्य फ्यूज तार घालणे, नंतर लोखंडी वलाणीच्या जागी दोरी बांधणे, मग अर्थिंग सुधारणे व गळतीरक्षक बसविणे, आणि शेवटी जुन्या तारा बदलणे. पहिल्या दोन गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत.

अपघात घडलाच, तर धक्का बसलेल्यास हात लावू नये. प्रथम मेन स्विच पाडावा. तो सापडत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने घरातील ती तार दूर करावी. खांबावरील वाहिनी तुटून पडली असल्यास तिच्या जवळही न जाता महावितरणला कळवावे. सुटका झाल्यावर रुग्ण प्रतिसाद देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर १०८ क्रमांकास कळवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. जळत्या फळीवर पाणी कधीही ओतू नये. वीज तोडावी आणि कोरडी वाळू टाकावी.

वर्गातील पाठ

हा विषय मुलांना दोन तासिकांत शिकविता येतो. पहिल्या तासिकेस शिक्षकाने स्वतः एक प्रयोग करून दाखवावा. बॅटरीचे दोन-तीन नवे सेल एकापुढे एक जोडावे. पॉलिशवाले वापरतात त्या बारीक लोखंडी लोकरीचा एक तंतू स्टीलच्या ताटलीवरील फरशीच्या तुकड्यावर ठेवून त्याच्या दोन टोकांना सेलच्या तारा टेकवाव्या. तंतू लाल होऊन तुटतो. नंतर तंतूऐवजी जाड तांब्याची तार क्षणभर ठेवावी. ती तुटत नाही; मात्र सेल तापू लागतात. फ्यूज म्हणजे काय आणि जाड तारेने काय बिघडते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. हा प्रयोग घरच्या विजेवर कधीही करावयाचा नाही, हे वाक्य मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यावे.

दुसऱ्या तासिकेस प्रत्येक मुलाने वहीत पाच प्रश्न लिहून घ्यावे. मेन स्विच कोठे आहे? बटणांवर काळा डाग आहे काय? पेटीला झाकण आहे काय? चाचणीचे बटण असलेला स्विच आहे काय? कपडे वाळविण्याची तार लोखंडी आहे काय? मुलाने आईवडिलांसमवेत, दोन हात दूर उभे राहून, कशासही स्पर्श न करता उत्तरे लिहावी व पालकांची सही आणावी. वर्गात ती उत्तरे मांडली की आपल्या गावातील किती घरे असुरक्षित आहेत, याचा तक्ता तयार होईल. तो ग्रामसभेपुढे ठेवावा.

ज्या घरातून मूल शाळेत येते त्या घरातील फळी कशी आहे, हे शिक्षकास ठाऊक असणे ही त्या मुलाच्या शिक्षणाबाहेरची बाब मानता येणार नाही. येत्या पालकभेटीस निघताना हजेरीपटाबरोबर या पाच प्रश्नांचा कागदही प्रत्येक शिक्षकाच्या पिशवीत असावा, एवढीच अपेक्षा आहे.